ग्रीस गेलं कुठे?

बॅटरीवरच्या ग्रीस गनचा खटका दाबला की घर्र असा आवाज सुरू होतो आणि जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाची खात्री पटते, की ग्रीस चाललंय. मालक मोबाईलवर बोलायला बाजूला जातो, ड्रायव्हर पाच-सात सेकंदांनी गन काढून पुढच्या निपलला लावतो, काम उरकतं. गेल्या काही हंगामांत आमच्या वर्कशॉपात जी कोरडी बेअरिंगं उघडली, त्यातल्या बऱ्याचशांच्या मागे हा आवाज होता. गन चालली होती. ग्रीस एक तर गेलंच नव्हतं, नाहीतर जायला हवं तिथे पोचलं नव्हतं. एकदा तर ते माणसाच्या बोटात गेलं. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं काम सारंगखेड्याच्या आसपासचं. तापीवर बॅरेज झालं, काठच्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई आली आणि त्यांच्या मागोमाग ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पलटी नांगर, ट्रॉल्या, जेसीबी. दत्तजयंतीच्या यात्रेसाठी घोडे यायला लागतात त्याच दिवसांत उसाचा गळीत हंगाम भरात असतो. दिवसा शेत, रात्री ट्रॉली कारखान्याच्या रांगेत. अशा वेळी चिखलात पाठीवर झोपून हाताच्या गनचा दांडा मारायला कोणाला वेळ असतो? शिवाय त्या गनला माणसाला तिसरा हात लागतो: एक नळकांडं धरायला, एक दांडा मारायला आणि एक गनच्या तोंडाचा कपलर निपलवर दाबून ठेवायला. बॅटरीची गन आली आणि दोन माणसांचं काम एकावर आलं. जी निपलं वर्षानुवर्षं कोणी बघतही नव्हतं, त्यांना आता ग्रीस मिळायला लागलं. यंत्र चांगलं आहे. मी ते रोज वापरतो, कोणी विचारलं तर घ्यायलाही सांगतो. पण घेतल्यावर ते वापरायचं कसं, हे दुकानात कोणी सांगत नाही.

रब्बीच्या तोंडावर एक शेतकरी रोटाव्हेटरचा शाफ्ट घेऊन आले. त्याच्या सांध्यातला क्रॉस जाम झाला होता, एका टोकावरचा बेअरिंगचा कप त्याला धरणाऱ्या योकमधून निम्मा बाहेर आला होता. “भाऊ, कालच ग्रीस भरेल शे ना,” असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते खरंच बोलत होते. क्रॉसच्या बाहेर, निपलभोवती ताज्या ग्रीसचा थर होता. मी लॉक काढले आणि हातोडीने हळूहळू ठोकत चारही कप बाहेर काढले. दोन कपांत मधाच्या रंगाचं नवं ग्रीस होतं, सुया त्यात लखलखत होत्या. तिसऱ्यात जुनं, काळं, घट्ट झालेलं. चौथा उलटा केला तर त्यातून लाल भुकटी पडली. सुयांचा लोखंडाचा चुरा गंजून तसा झाला होता. राहिलेल्या सुया एका बाजूने चपट्या झालेल्या, आणि क्रॉसच्या त्या टोकावर त्यांच्या रेघा इतक्या खोल उमटलेल्या की नख फिरवलं तर अडकत होतं.

हे कसं झालं, ते समजून घेतलं तर पुढच्या अर्ध्या चुका टळतात. क्रॉसच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखी आरपार भोकं असतात. निपल मध्ये असतं आणि तिथून ग्रीस चार दिशांना चार कपांकडे जातं. ते नेहमी सोपी वाट धरतं. एका वाटेत जुनं ग्रीस वाळून बसलं असेल, तर नवं ग्रीस तिकडे वळतच नाही. उरलेल्या तिघांपैकी जिथे सील सैल असेल तिथून बाहेर पडतं. बाहेर ग्रीस दिसलं म्हणून माणूस थांबतो. एका कपातून आलेलं ग्रीस दुसऱ्या कपाची साक्ष देत नाही. चारही बाजूंना सीलपाशी नव्या ग्रीसची कड दिसली तरच तो क्रॉस भरला असं म्हणायचं. एखादी बाजू कोरडी राहिली तर शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा गन लावावी. तरी नाही आलं तर पहारीने त्या बाजूचा योक जरासा उचलून कपात फट द्यावी आणि त्याच वेळी खटका थोडा थोडा दाबावा. बहुतेक वेळा आधी घट्ट काळा गोळा बाहेर येतो आणि त्याच्यामागून नवं ग्रीस. यानेही काही झालं नाही तर कप काढून धुवावा. या कामाला अर्धा तास जातो खरा, पण शाफ्ट शेतात तुटला तर ट्रॅक्टर, माणूस आणि वाफसा, तिन्हींचा दिवस जातो.

त्या शेतकऱ्यांची गनही मी मागवून घेतली, कारण दोन कपांत ग्रीस पोचलं होतं तरी ते जेवढं हवं त्यापेक्षा फार कमी होतं. पुठ्ठ्यावर धरून खटका दाबला. दोन सेकंद नुसता आवाज, मग फुस्स करून चणाभर ग्रीस, मग पुन्हा नुसता आवाज. नळकांड्यात हवा होती.

ही आपल्याकडची ठरलेली अडचण आहे. परदेशात या गन ज्या कार्ट्रिजसाठी बनवल्या जातात, ते साधारण ४०० ग्रॅमचं, कारखान्यात हवा न ठेवता भरलेलं असतं. आपल्या बाजारात ग्रीस मिळतं ते अर्ध्या किलोच्या पाउचमध्ये, किलोच्या डब्यात, नाहीतर मोठ्या बादलीत. मग ड्रायव्हर पट्टीने किंवा हाताने ते नळकांड्यात कोंबतो आणि मध्ये मध्ये हवेचे खिसे राहतात. गनचा पंप हवेवर चालतो, आवाज करतो, पण हवा दाबली जाते आणि पुन्हा फुगते. ग्रीस जागचं हलत नाही. डब्यातून भरायचं असेल तर नळकांड्याचं उघडं तोंड ग्रीसमध्ये पुरतं बुडवून मागचा दांडा सावकाश ओढावा, म्हणजे ग्रीस आत खेचलं जातं. तोंड जराही वर आलं तर पुन्हा हवा. कोंबूनच भरायचं असेल तर थोडं थोडं भरून नळकांडं लाकडी फळीवर आपटत जावं. गनचं डोकं बसवताना एक आटा सैल ठेवावा, दांडा आत ढकलावा, खटका थोडा थोडा दाबावा. हवा त्या फटीतून निघून जाते आणि ग्रीस दिसलं की आटा घट्ट करायचा. बऱ्याच गनवर हवा काढायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो कशासाठी आहे हे माहीतच नसतं म्हणून कोणी त्याला हात लावत नाही.

आणि पहिल्या निपलला लावण्याआधी दर वेळी पुठ्ठ्यावर चाचणी. अखंड, न तुटणारी ग्रीसची वळी बाहेर आली पाहिजे. मध्ये तुटली, फुसफुसली, तर आत हवा आहे. ही चाचणी मी कोणालाच सोडू देत नाही, जुन्या माणसाला तर मुळीच नाही.

ग्रीस कोणतं, हाही यातलाच भाग. आपल्या दुकानात ‘ग्रीस द्या’ म्हटलं की बऱ्याचदा एपी-३ हातात पडतं. त्यातला ३ हा घट्टपणाचा नंबर. चाकाच्या बेअरिंगात हाताने भरायला ते चांगलं आहे, पण बॅटरीच्या गनला २ नंबरचं ग्रीस मानवतं. घट्ट ग्रीस पंपाच्या तोंडाकडे आपोआप सरकत नाही, तिथे पोकळी होते आणि पुन्हा तोच रिकामा आवाज. पौष-माघातल्या पहाटे तापीकाठी चांगलीच थंडी असते. त्या वेळी २ नंबरचंही ग्रीस हट्ट करतं. अशा दिवसांत गन रात्री घरात ठेवावी, उन्हं आल्यावर काम सुरू करावं. कोणी ग्रीस पातळ करायला त्यात डिझेल किंवा ऑईल घालतात. ते करू नये. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण असतो. तो मोडला की तेल वाहून जातं आणि बेअरिंगात गाळ राहतो.

आता खरं सांगायचं ते. हाताच्या गनचा दांडा मारताना हाताला सगळं कळत असे. दांडा पोकळ गेला तर आत हवा आहे. दगडासारखा अडला तर निपल बंद आहे. आधी हलका आणि मग हळूहळू जड होत गेला तर जागा भरत आली. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हे कोणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या मनगटात होतं. बॅटरीच्या गनमध्ये मनगटाला काहीच पोचत नाही. मोटार तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच घरघरते आणि बोट एकाच जोराने खटका दाबतं. जे हाताला कळायचं, ते आता डोळ्यांनी बघून घ्यावं लागतं. सीलपाशी जुनं ग्रीस बाहेर येताना दिसलं का, चारही बाजूंना दिसलं का, कपलरच्या कडेने तर निसटत नाही ना, होस पाइप कुठे फुगत नाही ना. नजर हटवायची नाही. हातात मोबाईल तर नाहीच.

न बघता दाबत राहिलं तर काय होऊ शकतं, ते आकड्यांवरून कळेल. गॅरेजमध्ये आपण हवा पौंडात मोजतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड भरतो. बॅटरीच्या चांगल्या गनच्या खोक्यावर १०,००० पौंड लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे ७०० किलोंचा जोर. निपल उघडं असेल, वाट मोकळी असेल, तर एवढा दाब तयारच होत नाही. ग्रीस निघून जातं. वाट अडली की मात्र तो चढत जातो, आणि मग सर्वांत कच्ची जागा फुटते. कधी बेअरिंगचं सील, कधी निपलचा आटा, कधी होस पाइप.

हे निपल म्हणजे साधीच वस्तू. ऑस्कर झेर्क नावाच्या, व्हिएन्नात जन्मून पुढे अमेरिकेत गेलेल्या संशोधकाला १९२९ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि रचना आजही तीच आहे: तोंडाशी एक बारीक गोळी, तिच्यामागे स्प्रिंग. ग्रीसच्या दाबाने गोळी मागे सरते, दाब गेला की पुढे येऊन तोंड बंद करते. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या गोळीभोवती बसते, पावसात भिजते, उन्हात वाळते आणि सिमेंटसारखी होते. चिंधीने न पुसता गन लावली तर पहिल्या दाबाबरोबर ही माती थेट बेअरिंगात जाते. पंप जितका जोरदार, तितकी ती खोल जाणार. म्हणून आधी निपल पुसायचं, बारीक तारेच्या टोकाने गोळी दाबून ती मागेपुढे होते का बघायचं, मगच कपलर लावायचा. काम झाल्यावर तोंडाशी राहिलेला ग्रीसचा थेंबही पुसून घ्यायचा, नाहीतर त्यावर पुन्हा माती धरते. गोळी हलत नसेल तर निपल बदलावं. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी १०,००० पौंडांशी झुंजायचं कारण नाही. अडलेल्या निपलमध्ये खटका दाबून धरला की दाब आतच कोंडतो आणि कपलर सुटता सुटत नाही. अशा वेळी झटका देऊन ओढू नये. तोंड बाजूला घेऊन कपलर हळूच तिरपा करावा, म्हणजे दाब कडेने सुटतो. डोळ्यांवर चष्मा असावा. वेल्डिंगसाठी चष्मा घालणारी माणसं ग्रीस मारताना तो काढून ठेवतात, हे मला पटत नाही.

बोटाची गोष्ट अशी. जवळच्या गावचा एक तरुण ड्रायव्हर. गनचा होस पाइप ट्रॉलीच्या कडेला घासून एका जागी रबर उडालं होतं, आतली जाळी दिसत होती. त्याने तिथे काळी टेप गुंडाळली होती. उजव्या हाताने खटका, डाव्या हाताने होस धरून तो किंगपिनच्या निपलला गन लावत होता. निपल अडलं होतं. तो दाबत राहिला. टेपखालून एक सुईएवढी धार निघाली आणि डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली.

त्याला आधी कळलंच नाही. काहीतरी चावल्यासारखं झालं म्हणाला. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्त नाही, दुखणं नाही. त्याने डिझेलने हात पुसला आणि उरलेली निपलं भरली. संध्याकाळी बोट जड वाटायला लागलं, रात्री सुजलं, सकाळी ते पांढरट, ताठ आणि थंड होतं. घरच्यांनी हळद-तेल लावून शेकलं. मग गावातच दाखवलं, तेव्हा सांगितलं एवढंच, की “लागलंय”. साहजिकच धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी झाली. तिसऱ्या दिवशी धुळ्याला नेलं तेव्हा बोट आणि तळव्याचा काही भाग उघडून आतलं ग्रीस काढावं लागलं. ते कातडीखाली, शिरांच्या म्यानातून तळव्यापर्यंत सरकलं होतं. पेर गेलं. हात राहिला, पण मूठ पूर्ण मिटत नाही.

हे ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना खरं वाटत नाही. बाहेरची जखम बघून आतल्या नुकसानीचा काहीच अंदाज येत नाही. कातडी भेदायला १०० पौंडांच्या आसपासचा दाबही पुरतो आणि इथे तर त्याच्या शंभरपट. हातमोजे त्याला अडवत नाहीत. बहुतेकांचं डाव्या हाताचं पहिलंच बोट यात सापडतं, कारण उजवा खटक्यावर असतो आणि डावा पुढे, धोक्याच्या जागी. ग्रीस आत गेलं की ते शिरा-रक्तवाहिन्यांवर दाब आणतं, मांस आतून जाळत जातं. यावर मलम नाही, गोळी नाही. शस्त्रक्रिया हाच इलाज, आणि तो पहिल्या काही तासांत, शक्यतो सहा तासांच्या आत व्हायला हवा. स्प्रे पेंटिंगवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. थिनर आणि रंग ग्रीसपेक्षाही घातक.

तेव्हा दाबाखालचं ग्रीस कातडीला लागलं आणि ठिपक्याएवढीही जखम दिसली, तर दुखत नसलं तरी काम तिथेच थांबवा. बोटातली अंगठी लगेच काढा. जखम पिळू नका, चोळू नका, शेकू नका, डिझेल-रॉकेल लावू नका. हात वर धरा. वाटेत चहा-नाश्ता करू नका, कारण भूल द्यावी लागेल. ग्रीसचा डबा किंवा रिकामं पाउच बरोबर घ्या आणि जिथे हाताची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्यात थेट जा. तिथे “लागलंय” म्हणू नका. “ग्रीस गनच्या दाबाने ग्रीस बोटाच्या आत शिरलंय, इतके वाजता,” असं सांगा. डॉक्टरांनी जखम बघून नव्हे तर तुमच्या या वाक्यावरून धावपळ करायची असते. मी हे वाक्य आमच्या वर्कशॉपात गन टांगायच्या खुंटीवर खडूने लिहून ठेवलंय.

हे टाळायचं कसं, त्यात काही अवघड नाही. होस पाइप रोज हातात घेण्याआधी बोटांनी नव्हे, डोळ्यांनी तपासावा. रबर उडालेलं, फुगवटा आलेला, टोकाशी मुडपलेला पाइप फेकून द्यावा. टेप लावू नये. नवा घेताना गनच्या दाबाला चालेल असाच घ्यावा, हाताच्या गनचा साधा पाइप जोडू नये. कपलरजवळ पाइपवर स्प्रिंगचं कवच असतं, धरायची जागा ती. खटका लॉक करून ठेवायची सोय काही गनना असते. ती निपलवर कधीच वापरू नये. ग्रीस येतं का ते बोट लावून बघू नये, लहान मुलांना गनजवळ येऊ देऊ नये. आणि कपलर पुसताना, होस बदलताना, नळकांडं भरताना आधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. ही शेवटची सवय एकदा लागली की पुढचं बरंच आपोआप सांभाळलं जातं.

पोकलेनवाल्यांना आणखी एक. साखळीचा ताण ग्रीसच्या सिलिंडरने धरलेला असतो. साखळी सैल करायला त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून अधिक उघडायचा नाही आणि त्याच्यासमोर तोंड न्यायचं नाही. ग्रीस येत नाही म्हणून आणखी उघडला तर व्हॉल्व्हच उडून अंगावर येतो.

कमी ग्रीसचं सांगितलं, आता जास्तीचं. पिन-बुशमध्ये, नांगराच्या सांध्यात जास्त गेलं तर बाहेर पडतं, ग्रीस वाया जातं, एवढंच. फिरत्या बेअरिंगचं तसं नाही. नदीवरून पाणी उचलणाऱ्या मोठ्या मोटारींना निपल असतं. त्यांच्या बेअरिंगात नवं ग्रीस किती घालायचं, याचा साधा हिशेब आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि ०.००५ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येतं. ६३१० नंबरचं बेअरिंग असेल तर व्यास ११०, रुंदी २७, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. बॅटरीच्या गन मिनिटाला १०० ग्रॅमच्या वर ग्रीस सोडतात, काही तर त्याच्या दुप्पट. म्हणजे हे १५ ग्रॅम पाच ते नऊ सेकंदांत जातात. ‘भरपूर मारलं’ म्हणून कोणी अर्धा मिनिट खटका दाबला तर बेअरिंग ग्रीसमध्ये घुसळत राहतं, तापतं, सील ढकललं जातं आणि ग्रीस वाइंडिंगवर जातं. मग मोटार जळाली की दोष व्होल्टेजला. अशा ठिकाणी मी अजूनही हाताचीच गन वापरतो. खालचा प्लग उघडून जुनं ग्रीस बाहेर यायला वाट करून द्यायची, सावकाश दांडे मारायचे, मोटार थोडा वेळ चालू द्यायची आणि मग प्लग बंद करायचा. दोन्ही बाजूंनी पत्रा किंवा रबर लावून बंद केलेल्या बेअरिंगांना तर ग्रीस लागतच नाही, आणि ट्रॉलीचे हब उघडून, धुऊन, तळहातानेच भरावे लागतात. बॅटरीची गन आली म्हणून ही कामं तिच्याकडे गेली नाहीत.

आपली गन किती सोडते ते प्रत्येकाने एकदा मोजून ठेवावं. प्लास्टिकच्या पिशवीत दहा सेकंद सोडा आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. मिळालेला आकडा गनवरच लिहा.

रंग बघून ग्रीस निवडू नये, हेही इथेच सांगतो. लाल, निळं, पिवळं हा रंग कंपनीने घातलेला असतो. महत्त्वाचा असतो तो आतला साबण. आपण वापरतो त्यातलं बहुतेक ग्रीस लिथियमचं; मोटारींच्या बेअरिंगांत कारखान्यातून पुष्कळदा पॉलियुरिया येतं. ही दोन मिसळली तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहतात, दोन्ही चांगली असली तरी. जेसीबीच्या पिनांना मॉलीचं काळसर ग्रीस उत्तम, पण जोरात फिरणाऱ्या बेअरिंगात ते घालू नये. शक्य असेल तर दोन ग्रीससाठी दोन गन ठेवाव्या. एक हाताची असली तरी चालेल.

बॅटरीबद्दल थोडंच. वैशाखात आमच्याकडे पारा चाळीसच्या पुष्कळ वर असतो. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवली तर तिचं आयुष्य झपाट्याने जातं. बहुतेक चार्जर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात, तेव्हा चार्जिंग रात्री, घरात. कामावरून आलेली गरम बॅटरी लगेच लावू नये. हंगाम संपल्यावर ती रिकामी करून ठेवू नये, निम्मी भरलेली ठेवावी.

आता आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रोटाव्हेटरवर, नांगरावर आणि शाफ्टवर आम्ही पिवळ्या ऑईल पेंटने निपलभोवती गोल काढतो आणि एकूण किती निपलं आहेत तो आकडा फ्रेमवर ठळक लिहितो. ड्रायव्हर हंगामागणिक बदलतात. नवा माणूस आकडा वाचतो आणि तेवढे गोल शोधत बसतो. शाफ्टवरची निपलं गार्डच्या आत लपलेली असतात, नेमकी तीच राहून जातात. त्यांच्यासाठी गार्डवर बाण काढतो. पण गार्डच्या आत हात घालण्याआधी शाफ्ट फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ सोडायचा, ट्रॅक्टर बंद करायचा आणि चावी काढून आपल्याच खिशात ठेवायची. दुसरा कोणी सीटवर बसलेला असला, अगदी घरचा असला, तरीही.